साहेब नेईल तिकडे

कुत्रं फिरवायला चांगल्या जागा कुठल्या, हे मला हल्ली बरेच जण विचारतात. सांगलीत आमच्या कॉलनीत आता माणसांपेक्षा कुत्र्यांचे लाड जास्त होतात, आणि मी निवृत्त शिक्षिका, सकाळ-संध्याकाळ दोरी हातात धरून हिंडणारी, म्हणून या विषयातली जाणकार समजली जाते. मीही आढेवेढे न घेता सांगते. हरिपूरच्या रस्त्याला चिंचांच्या सावलीतून जा, पण उजाडताच जा, नंतर दुचाक्या जीव नकोसा करतात. कृष्णेच्या घाटावर नेलंत तर पायऱ्यांवर मोकळं सोडू नका, शेवाळ असतं. साताऱ्याला कुणी पाहुणे असतील तर अजिंक्यताऱ्याचा चढ, चार भिंतींची टेकडी, यवतेश्वराचं वळण, माहुलीचा घाट. लोक माना डोलावतात, कुणी कुणी मोबाइलमध्ये टिपूनही घेतात. या जागा मला कुणी दाखवल्या हे मात्र मी सांगत नाही. त्या मला एका कुत्र्याने दाखवल्या, आणि त्या दिवसांत आमच्या घरात त्याला कुत्रं म्हणायची सोय नव्हती.

आम्ही तेव्हा साताऱ्यात गोडोलीला राहायचो. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, मागे मोरी आणि एक शेवग्याचं झाड. माझे वडील, नाना, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि आता एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याला. सकाळी मला जाग यायची ती त्यांच्या बुटाच्या ब्रशाच्या आवाजाने. फाटकावरच्या माणसाचे बूट कोण बघतो, पण नानांचे बूट लष्करी शिस्तीतच चमकले पाहिजेत. त्या आवाजामागोमाग आईच्या भाकरीची थपथप, आणि मग लांबून कारखान्याचा भोंगा. आई औंधजवळच्या एका खेड्यातली. देवधर्माची कडक, हाताला चव आणि जिभेला धार. पावट्याची आमटी ती अशी करायची की शेजारच्या घरात नुसत्या वासावर भाकरी खाल्ली जायची. आणि माझा थोरला भाऊ सुरेश, आमचा दादा. तो एका डेअरीच्या मालाचा टेम्पो चालवायचा, साताऱ्याहून उंब्रज, पाटण करत कोयनानगरपर्यंत.

कुत्रं दादानेच आणलं. कोयनेच्या वसाहतीतून, शर्टाच्या आत घालून. तांबूस रंगाचं, एक कान उभा आणि एक पडलेला. त्याचं नाव त्याने ठेवलं साहेब. का, तर नानांनी उभ्या आयुष्यात साहेबांना सलाम ठोकले, आता एखाद्या साहेबाला हाड् म्हणायची संधी त्यांना मिळावी. नाना हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. आई मात्र चांगलीच भडकली. कुत्र्याने उंबरा ओलांडला तर मी घर सोडीन असं तिने जाहीर केलं, आणि साहेबाने पडवीची हद्द कायम पाळली. दादा त्याला टेम्पोत शेजारच्या सीटवर बसवून न्यायचा. सुट्टीच्या दिवशी दोघं पायी निघायचे ते ऊन चढल्यावरच परतायचे. कधी किल्ल्यावर, कधी यवतेश्वराकडे, कधी थेट माहुलीला. तिथे कृष्णा-वेण्णेच्या संगमावर महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे, ती दादा साहेबाला नेऊन दाखवायचा. बघ, असं काहीतरी करून दाखव, मग तुझीपण बांधू, असं त्याला सांगायचा.

मी तेव्हा बारावीत होते आणि पुढे मला सांगलीला अध्यापक विद्यालयात जायचं होतं. हे डोक्यात भरवलं दादानेच. पोरीला इतक्या लांब कशाला, असं आईचं म्हणणं, आणि तिचं म्हणणं म्हणजे घरातला शेवटचा शब्द. पण दादा म्हणायचा, आईचं मी बघतो, तू ट्रंक भर, टेम्पोत टाकून तुला स्वतः सोडून येतो. त्याने बघतो म्हटलं की मी निर्धास्त व्हायचे. तो टेम्पो पुढे त्या हिवाळ्यात कोयनेच्या वाटेवर, पहाटेच्या धुक्यात दरीत गेला. त्या दिवशी साहेबाच्या पायात काटा मोडला होता, म्हणून दादा त्याला घरी ठेवून एकटाच गेला होता. यापेक्षा जास्त मी त्या पहाटेबद्दल आजही लिहू शकत नाही, आणि लिहायचं ते पुढचंच आहे.

दहाव्याला सगळे माहुलीला गेलो. साहेबाला आम्ही पडवीत दावं लावून बांधून ठेवलं होतं. गावाकडून नानांचे धाकटे भाऊ बापूकाका आले होते, आईच्या माहेरची माणसं होती. घाटावर पिंड ठेवले, बाजूला पत्रावळीवर दादाच्या आवडीचं सगळं वाढलं: भाकरी, खर्डा, पावट्याची आमटी, दोन कंदी पेढे. कावळे समोरच्या झाडावर दाटीवाटीने बसले होते आणि एकही खाली उतरेना. मग सुरू झालं ते दरवेळी होतं तेच. बापूकाका हात जोडून पुढे झाले, आईबापाला अंतर देणार न्हाई म्हणाले. कावळे जागचे हलले नाहीत. मामा म्हणाले, भनीचं लगीन आमी करून देतो. नाहीच. कुणी टेम्पोच्या मालकाचं नाव घेतलं, कुणी कुलदैवताचा राहिलेला नवस काढला. ऊन डोक्यावर येऊ लागलं. आई सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून बसली होती. दादा गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. बायका आपसात कुजबुजत होत्या की हिला रडवा, नाहीतर हिचं काही खरं नाही.

तेवढ्यात माणसांच्या पायांतून साहेब आला. गळ्यात तुटलेलं दावं, पोटापर्यंत भिजलेला, धापा टाकत. कुणाला काही कळायच्या आत तो थेट पिंडांपाशी गेला आणि खायला लागला. पिंड खाल्ले, आमटी चाटली, पेढे खाल्ले, पत्रावळसुद्धा चाटून पुसून साफ केली. बापूकाकांनी वाकून धोंडा उचलला. आणि आई, जी दहा दिवस कुणी उठवल्याशिवाय उठत नव्हती, ती उठली आणि तिने त्यांचा हात धरला.

“मारू नगा,” ती म्हणाली. “आलाय त्यो.”

गुरुजींनी प्रसंग सावरला. दर्भाचा कावळा करून विधी पुरा करता येतो असं ते नानांना हळूच म्हणाले, आणि नानांनी मान हलवली. नव्याने पिंड केले, दर्भाचा कावळा शिवला, सगळे आंघोळी करून परतले. शास्त्राचं काम झालं होतं. आईचं शास्त्र मात्र तिथेच बदललं. परतताना ती जीपमध्ये मागे बसली आणि साहेबाचं ओलं डोकं तिच्या मांडीवर होतं.

त्या दिवसापासून तो उंबऱ्याच्या आत आला. दादाच्या लोखंडी खाटेवर दादाची गोधडी पसरून त्याची जागा झाली. पहिली भाकरी त्याची. त्याचं जेवण झाल्याशिवाय नानांचं ताट वाढलं जायचं नाही, आणि नाना भिंतीकडे बघत बसून राहायचे. आई त्याच्याशी बोलायची. आज आमटी तिखट झालीया का, गार पानी पिऊ नगंस, घसा धरंल. तिन्हीसांजेला दिवा लावला की आधी देवाला हात जोडायची आणि मग खाटेकडे वळून त्याच्या कपाळाला अंगारा लावायची. दुपारी तो बऱ्याचदा कुठेतरी नाहीसा व्हायचा आणि चार वाजून गेल्यावर धुळीने माखून परत यायचा. मी विचारलं, हा जातो कुठे? आई शांतपणे म्हणाली, “कामाला जातुय न्हवं.” मग तो परत आला की भांड्यात पाणी आणि दोन खारका ठेवायची. दादा कामावरून आला की तिला खारीक मागायचा.

शेजारच्या बायकांनी आधी हळहळ केली, मग पदराआड हसल्या, आणि पुढे पुढे आमच्याकडे यायचंच टाळू लागल्या. मला त्यांचा राग यायचा, पण त्यांना दोष तरी कसा देऊ? मलाही माझ्या घरात भीती वाटायची. संध्याकाळी मी एकटी खोलीत असले आणि तो खाटेवरून माझ्याकडे टक लावून बघायला लागला की मी पुस्तक उचलून पडवीत जाऊन बसायचे. आणि खरं सांगायचं तर भीतीच्या तळाशी एक हावही होती. आईचं खरं असावं असं मलाही वाटायचं. दादा कुठल्याही रूपात का होईना, घरात असावा. मी चोरून त्याच्या कानात म्हटलंसुद्धा आहे, दादा, माझ्या सांगलीचं काय करायचं? तो कान झटकून झोपला.

त्याला फिरवायचं काम माझ्याकडे आलं. आईचा हुकूम एकच होता, त्याला ओढायचं नाही. त्याला जिकडं जायचं तिकडं तू जा, तू नेऊ नकोस. म्हणून मी रोज सकाळी दोरीचं टोक धरून त्याच्या मागे निघायचे, आणि तो मला दादाच्या एकेका जागेवर घेऊन जायचा. गोडोली नाक्यावरून तो पोवई नाक्याकडे वळायचा, शहर ओलांडायचा आणि मग कधी चार भिंतींकडे चढायचा. वर वारा असा असतो की ओढणी सांभाळावी लागते, आणि खाली सगळा सातारा कौलांसकट दिसतो. कधी किल्ल्यावर. दुसऱ्या दरवाजाशी एक सपाट दगड आहे, तिथे तो थांबायचाच. दादा तिथे बसून बुटातले खडे काढायचा आणि खिशातले शेंगदाणे-गूळ खायचा, हे मला ठाऊक होतं. साहेब त्या दगडासमोर बसायचा आणि मान वर करून रिकाम्या दगडाकडे बघायचा. किती वेळ, ते त्याच्या मनावर. मग शेपटी हलवायचा आणि उठायचा, जणू कुणी चल म्हणालं.

यवतेश्वराच्या रस्त्याला तर मी जायला घाबरायचे. तिथल्या चढावर एका वळणानंतर तो माझ्यापासून बाजूला सरकून रस्त्याच्या कडेने चालू लागायचा. दोरी ताणली जायची. मी त्याच्याजवळ सरकले तर तो आणखी सरकायचा. माझ्या आणि त्याच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा राहायची, आणि अधूनमधून तो त्या जागेकडे, माणसाचं तोंड असेल तेवढ्या उंचीवर बघायचा. मी कधी त्या जागेत पाऊल टाकलं नाही. आजही माझा इथला कुत्रा घेऊन मी हरिपूरच्या रस्त्याला चालते तेव्हा माझी दोरी लांब असते आणि मी कडेने चालते. शेजारची प्राची म्हणते, काकू, दोरी आखडून धरा, गाड्या असतात. मी आखडते आणि चार पावलांनी परत सैल सोडते. सवय आहे, एवढंच मी तिला सांगते.

उन्हाळा सरत आला आणि सांगलीच्या प्रवेशाची मुदत जवळ आली. मी आईजवळ विषय काढला नाही, काढायची छातीच नव्हती. काढला नानांनी. एका सकाळी ब्रश खाली ठेवून ते म्हणाले की पोरीचं नाव यादीत लागलंय, आता जायला पाहिजे. आई तव्यावरची भाकरी उलटत होती. ती म्हणाली, त्याला विचारल्याशिवाय नाही. नानांनी दुसरा बूट जवळ ओढला. मग म्हणाले, “मग इचार. पर काय म्हनंल त्ये मानायचं. तू बी, मी बी.”

आईच्या माहेरी देवीला कौल लावायची रीत आहे. लग्न ठरवायचं असो, विहीर खणायची असो, देवीच्या दोन्ही खांद्यांना भिजवून फुलं चिकटवतात आणि उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. कौल मिळाला की त्यावर कुणी ब्र काढत नाही. आईने साहेबाला तसाच कौल लावायचं ठरवलं. गोडोली नाक्यावर रस्ते फुटतात. तो पोवई नाक्याकडे, शहरात वळला तर पोरीने घरीच राहायचं. हायवेच्या अंगाला वळला तर सांगलीला जायचं. मी मनात म्हटलं, संपलं. सकाळी तो कधीच हायवेकडे वळत नसे. इतके महिने मी त्याच्या मागे चालत होते, तो रोज शहराकडेच वळायचा. आईलाही ते माहीत होतं. नानांना माहीत नव्हतं, कारण ते त्याच्याबरोबर एक पाऊलही चालले नव्हते.

मंगळवारी सकाळी आम्ही तिघं आणि तो असे निघालो. आईने त्याला अंगारा लावला होता. नानांचे बूट चमकत होते आणि त्यांनी डोक्याला पटका बांधला होता, लग्नाला निघाल्यासारखा. नाक्यावर दूधवाले, रिक्षा, कामाला निघालेली माणसं. आईने दोरी माझ्या हातून घेतली, त्याच्या गळ्यातून सोडवली आणि त्याच्यापुढे हात जोडले. लोक बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तो थोडा वेळ उभा राहिला, एक पाय उचलून रिक्षाच्या चाकाचं जे करायचं ते केलं, आणि मग नाक वर करून सरळ हायवेच्या रस्त्याला लागला. दुडक्या चालीने, मागे न बघता.

नाना म्हणाले, “मिळाला कौल.” त्यांचा आवाज इतका मोकळा झालेला मी कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता. मी आईकडे वळले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती धावत गेली, त्याच्या मानेला मिठी मारून त्याला थांबवलं आणि रस्त्यातच बसली. मला वाटलं, हरल्याचं दुःख झालंय. तसं नव्हतं. सातारा सोडून सांगलीला जायचं तर त्याच रस्त्याने जावं लागतं. उंब्रजपर्यंत सांगलीची आणि कोयनेची वाट एकच आहे. दादाचा टेम्पो रोज याच नाक्यावरून याच बाजूला वळायचा.

“त्यानं जा म्हनलं न्हाई,” आई नानांना म्हणाली. “त्यो तिला बलावतोय. सोबतीला.”

कौल एकच होता आणि त्याचे अर्थ दोन निघाले होते. इतके दिवस मला सांगलीला जायचं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या रस्त्याची भीती वाटली. आई माझ्यावर अन्याय करत नव्हती, माझा जीव वाचवत होती, आणि तिच्या डोळ्यांकडे बघितलं की तिचं चुकतंय असं म्हणायची माझी हिंमत होत नव्हती. आम्ही घरी परतलो. दाराला कडी लागली. फिरणं बंद झालं. तो दिवसभर खाटेवर पडून दाराकडे बघायचा आणि आई दारात बसून त्याच्याकडे. मी ट्रंक माळ्यावर ढकलून दिली.

मुदत संपायला आली असताना एका सकाळी मला बुटाच्या ब्रशाने जाग आली, पण भाकरीची थपथप ऐकू येईना. चूल थंड होती. खाट रिकामी होती आणि खुंटीवरची दोरी नव्हती. नानांनी एका पायात बूट घातला होता, दुसरा तसाच हातात घेऊन ते पडवीत आले. नाक्यावरच्या पानवाल्याने सांगितलं की बाई कुत्र्यामागं चालली होती, हायवेच्या अंगाला, उजाडायच्या सुमाराला. नानांनी रिक्षा थांबवली. वाटेत ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, अनवाणी गेलीया ती. तिच्या चपला दारातच होत्या. मी रस्त्याच्या दोन्ही कडांना बघत होते. ट्रक जोरात जायचे, आणि त्यांच्या पलीकडे काही दिसतंय का ते मी वाकून बघायचे.

ती शेंद्रे फाट्यापाशी सापडली. रस्त्याच्या कडेला एक चहाची टपरी होती, तिथल्या बाकड्यावर ती बसली होती, हातात दोरीचं टोक. साहेब तिच्या पायाशी बसून खारी खात होता. टपरीवाले मामा आम्हाला बघून बाहेर आले. त्यांना वाटलं आम्ही गिऱ्हाईक. नानांनी कुत्र्याकडे बोट दाखवलं आणि तो इथे कसा, असं विचारलं.

“ह्ये व्हय? ह्ये येतंय की अधनंमधनं,” मामा म्हणाले. “दुपारचं येतंय, खारी खातंय, अंमळ सावलीत पडतंय आन जातंय. आदी टेम्पोत बसून यायचं, ड्रायव्हरबरं. त्यो पोरगा आता दिसत न्हाई बगा. लायन बदलली का काय त्याची?”

नाना आईच्या शेजारी बाकड्यावर बसले. तिच्या पावलांवर धूळ होती आणि एका टाचेतून रक्त येत होतं. ती कुत्र्याकडेच बघत होती. मग बोलली, अगदी साध्या आवाजात, बाजारातून काय आणलं ते सांगावं तशी.

“हितवर बराबर आणलं मला त्यानं. मला वाटलं पुढं नेतुय. मी म्हनलं, बाबा, ऊठ, म्होरं चल, कुटं पडलास ती जागा दाव मला. लय येळ म्हनलं. पाया पडले त्याच्या.” तिने दोरीचं टोक बाकड्यावर ठेवलं. “त्यो खारी खात बसला.”

साहेबाने वर बघितलं आणि शेपटी हलवली. आणखी एक खारी मिळेल का, एवढंच त्याच्या डोळ्यांत होतं. ते आम्हा तिघांनाही एकदमच दिसलं.

“कुत्रं हाय ओ ते,” आई नानांना म्हणाली, आणि तिचं तोंड वाकडं झालं.

दादाची बातमी आली त्या पहाटे जे रडणं यायला हवं होतं ते त्या टपरीवर आलं. हायवेच्या कडेला, ट्रक-गाड्यांच्या आवाजात, ती कपाळ बाकड्याच्या कडेवर आपटून रडली. नानांनी तिला आवरलं नाही, फक्त तिच्या कपाळाखाली स्वतःचा हात ठेवला. मामा आत जाऊन स्टोव्हची ज्योत लहान-मोठी करत राहिले. घाटावर आम्ही दादाला निरोप दिला असं मी समजत होते, पण आईचा सुरेश त्या सकाळी गेला, एका खारीपायी. मला तेव्हा वाटलं, तिचं खूळ होतं तेच बरं होतं. आज इतक्या वर्षांनीही मी याचा निकाल लावू शकलेले नाही. खुळात तिला मुलगा होता, आणि शहाणपणात फक्त आम्ही दोघं उरलो होतो.

रडून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं, मला जवळ ओढलं आणि नानांना म्हणाली, “हिला जाऊ द्या सांगलीला. हितं आता इचारायला कुनी न्हाई.”

त्यानंतर साहेब पुन्हा पडवीत गेला. आईने त्याला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, भाकरी वेळेवर घातली, पण आमच्या जेवणानंतर. खाट उभी करून भिंतीला लावली. दोन-तीन दिवस तो उंबऱ्याशी येऊन उभा राहायचा, आत डोकवायचा, मग त्यानेही नाद सोडला. पुढे त्याला नाना फिरवू लागले, आणि ते मात्र त्याला आपल्याला हवं तिकडे न्यायचे. किल्ल्यावर जाणारे लोक सांगायचे की हवालदार कुत्र्याला लेफ्ट-राइट करायला लावतात.

मी निघाले त्या दिवशी आई स्टँडवर आली नाही. घरातच तिने माझ्या हातावर दही घातलं आणि ती स्वयंपाकघरात वळली. नानांनी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली. माझी जागा उजव्या बाजूच्या खिडकीची होती. गोडोली मागे पडली, शेंद्र्याची टपरी मागे गेली, मी खिडकीच्या गजाला धरून बसले होते. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, सगळं लक्ष उंब्रजकडे होतं. आता तिथे उड्डाणपूल झालाय, गाडी वरून जाते आणि माणसाला काही कळतही नाही. तेव्हा गाडी फाट्यावर थांबायची. उजव्या हाताला पाटणचा, पुढे कोयनेचा रस्ता फुटतो. कंडक्टर उतरून चहा प्यायला गेला. एक बाई कोंबड्या घेऊन चढली. मी त्या रस्त्याकडे बघत होते, तो लांब झाडांत शिरेपर्यंत. आईचं ऐकलेलं वाक्य माझ्या अंगात भिनलं होतं. कौल माझ्यासाठी लागला होता, बोलावलं असेल तर मलाच बोलावलं होतं. आणि खरं लिहायचं तर त्या क्षणी मला भीती वाटत नव्हती. मी गजाला कान लावून बसले होते, त्याने एकदा माझं नाव घ्यावं म्हणून.

कंडक्टरने घंटी दिली. गाडी सरळ निघाली. कुणीही हाक मारली नाही.